जुनी गाडी आणि तिचे पासिंग

बैलबाजारात शेतकरी बैल कसा घेतो, हे तुम्हां मंडळींना मी सांगायला नको. तो आधी बैलाचे दात पाहतो. दोनदाती आहे, चारदाती आहे, की जुळला आहे, यावरून वय ताडतो. मग चार पावले चालवून पाय पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो. आणि एवढ्यानेही त्याचे समाधान होत नाही, म्हणून बाजूला उभ्या असलेल्या माणसाला हळूच विचारतो, "काय पाव्हणं, बैल कुठल्या गावचा? कुणाच्या दावणीचा?" म्हणजे बैल आज कसा दिसतो एवढे त्याला पुरत नाही. तो काल कसा होता, हेही त्याला कळायला हवे असते.

तोच शेतकरी दोन-तीन लाख रुपये घेऊन जुना टेम्पो किंवा जुनी जीप घ्यायला निघाला, की मात्र ही सारी चिकित्सा विसरतो. नवा रंग पाहतो, हॉर्न वाजवतो, टायरवर एक लाथ मारतो आणि "ठीक आहे, द्या पेढे" म्हणून मोकळा होतो. पुढे चार महिन्यांनी कळते की गाडीचे पासिंग सात महिन्यांपूर्वीच संपले होते, आणि गाडीवर कुणाचा तरी बोजाही आहे. मग धावाधाव. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपल्याच लोकांनी रचलेली आहे. पण ती आपल्याच बाबतीत खरी होऊ नये म्हणून काय करावे, याचा विचार आज करू.

गाडीला दात नसतात. तिचे वय आणि तिची प्रकृती समजायची ती कागदांवरून. आणि त्या कागदांतला सर्वांत बोलका कागद म्हणजे तपासणीचा कागद. ज्याला आपण रोजच्या बोलण्यात 'पासिंग' म्हणतो, त्याचे सरकारी नाव योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट. आपल्याकडे "गाडी बारा पासिंगची आहे" असेही म्हणतात. तिथे पासिंग म्हणजे एमएच-१२, अर्थात पुण्याची नोंदणी. तो अर्थ निराळा. आपण बोलत आहोत ते तपासणीच्या पासिंगबद्दल.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या छप्पन्नाव्या कलमात असे सांगितले आहे की, परिवहन वाहनाजवळ, म्हणजे भाड्याने माल किंवा माणसे नेणाऱ्या गाडीजवळ, चालू योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्या गाडीची नोंदणीच वैध धरली जाणार नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. आरसी बुक खिशात आहे, नंबर पाटी आहे, कर भरलेला आहे. तरी पासिंग संपले असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती गाडी रस्त्यावर आणण्याजोगी उरत नाही. अशा गाडीने अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. कधी कधी न्यायालय जखमी माणसाला कंपनीकडून भरपाई देववते, पण तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देते. म्हणजे शेवटी घाव पडतो तो मालकाच्या घरावर आणि शेतावर.

आता पासिंग किती दिवसांचे असते? नवी मालवाहू किंवा प्रवासी गाडी घेतली की पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते. पूर्वी त्यानंतर दरवर्षी गाडी तपासणीला न्यावी लागे. २०१८ च्या नोव्हेंबरात नियम बदलला. तेव्हापासून गाडी आठ वर्षांची होईपर्यंत प्रमाणपत्र दोन-दोन वर्षांचे, आणि आठ वर्षांनंतर एकेका वर्षाचे मिळते. तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, धूर, गाडीचा सांगाडा अशा गोष्टी पाहतात. हे काम यंत्रांवर करणारी स्वयंचलित केंद्रेही आता निघाली आहेत. त्यांचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. तिथे ब्रेकचा जोर रुळांवर चाके फिरवून मोजतात, दिव्यांचा झोत यंत्राने पाहतात. माणसाच्या डोळ्याला जे चुकते ते यंत्राला सहसा चुकत नाही.

इथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली खासगी मोटार किंवा मोटारसायकल घेतली, की तिची नोंदणी पंधरा वर्षांची असते. या पंधरा वर्षांत तिला पासिंगसाठी बोलावीत नाहीत. पण तिच्या आरसीवर किंवा सरकारी नोंदीत 'फिटनेस अमुक सालापर्यंत' असे छापलेले आढळते. विकणारा तेच बोटाने दाखवतो. "हे बघा साहेब, फिटनेस २०३१ पर्यंत आहे, सरकारनं लिहून दिलंय!" खरे म्हणजे त्या तारखेचा अर्थ एवढाच, की नोंदणी तोपर्यंत चालेल. गाडी नवी असताना ती तारीख छापली गेली. त्यानंतर कुणा निरीक्षकाने बॉनेट उघडून पाहिलेले नाही. तेव्हा खासगी गाडीच्या बाबतीत या तारखेवरून तिच्या प्रकृतीबद्दल काहीही कळत नाही, हे लक्षात ठेवा.

तसेच पीयूसीचे. पीयूसी म्हणजे धुराची तपासणी. नवी गाडी एक वर्षाची झाल्यावर ती सुरू होते. जुन्या मानकांच्या गाड्यांना ती दर सहा महिन्यांनी आणि भारत-४ व त्यापुढच्या मानकांच्या गाड्यांना दर वर्षाला करावी लागते. ती जरूर पाहावी. पण पीयूसीवाला धूर मोजतो, ब्रेक मोजत नाही. ताप नाही म्हणून हाड मोडलेले नाही, असे कुणी म्हणेल का?

पिवळ्या पाटीची गाडी पुष्कळदा जास्त रेटलेली असते. परंतु तिच्या तपासणीचा माग तरी असतो. पांढऱ्या पाटीची गाडी दिसायला नाजूक, पण तिच्या तपासणीचा इतिहास जवळजवळ कोराच. दोन्हींची पारख म्हणून निरनिराळ्या रीतीने करावी लागते.

इंग्लंडमध्ये यासाठी चांगली सोय आहे. तिथे १९६० साली दहा वर्षांवरील मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली. आज तिथे मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. आणि तिचा निकाल सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. नुसता गाडीचा नंबर घातला की गाडी कधी उत्तीर्ण झाली, कधी नापास झाली, का झाली, त्या दिवशी किती मैल चाललेली होती, हे सारे एकाखाली एक दिसते. आपल्याकडे असा सलग इतिहास घरबसल्या सर्वांना दिसत नाही. आपल्याला दिसते ती शेवटची स्थिती, म्हणजे आज पासिंग कोणत्या तारखेपर्यंत आहे ती. मागचा इतिहास आपणच कागद जुळवून उभा करायचा असतो. काम थोडे किचकट आहे. पण सातबारा आणि फेरफार वाचणाऱ्या माणसाला ते अवघड जाऊ नये.

सुरुवात करावी ती सरकारी नोंदीपासून. केंद्र सरकारच्या 'वाहन' या नोंदवहीत देशातील गाड्यांची माहिती आहे. 'एमपरिवहन' हे अ‍ॅप मोबाइलवर घेऊन त्यात गाडीचा नंबर घातला, की नोंदणी कोणत्या कार्यालयाची, कोणत्या तारखेची, इंधन कोणते, पासिंग, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे दिसते. मालकाचे नाव बहुधा काही अक्षरे झाकून दाखवतात. तेवढ्यावरूनही समोरचा मनुष्य खरा मालक आहे की मधला दलाल, याचा अंदाज येतो. ज्यांना हे जमत नाही त्यांनी संकोच करू नये. गावातल्या शाळेत शिकणारा एखादा मुलगा पाच मिनिटांत करून देईल. शिक्षक बंधुभगिनींनी तर हा एखाद्या दिवशीचा पाठच करावा. पोरे घरी जाऊन बापाला सांगतील.

मग विकणाऱ्याकडून जुनी योग्यता प्रमाणपत्रे मागावीत. नुसते चालू नव्हे, मागचीही. ती तारखेप्रमाणे लावावीत आणि पाहावे, एक संपल्याबरोबर दुसरे सुरू झाले आहे का. आपल्याला शोधायचा असतो तो दोन प्रमाणपत्रांमधला खंड. एक उदाहरण घेऊ.

समजा, एका भाजीवाल्या शेतकऱ्याला पिकअप घ्यायचा आहे. गाडी जून २०१६ मध्ये नोंदलेली. पहिले पासिंग दोन वर्षांचे, म्हणजे जून २०१८ पर्यंत. पुढचे तेव्हाच्या नियमाने एक वर्षाचे, जून २०१९ पर्यंत. मग नवा नियम आला, म्हणून दोन वर्षांचे, जून २०२१ पर्यंत. पुढचे प्रमाणपत्र मात्र ऑक्टोबर २०२१ मधले. इथे चार महिन्यांचा खंड दिसतो. तो दोष म्हणायचा का? नाही. करोनाच्या काळात केंद्र सरकारने अशा कागदांची मुदत वेळोवेळी वाढवली होती. १ फेब्रुवारी २०२० नंतर संपलेले कागद ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत वैध धरले गेले. त्या काळातल्या उशिराला कारण आहे. ऑक्टोबर २०२१ चे प्रमाणपत्र ऑक्टोबर २०२३ ला संपले. आणि त्यानंतरचे? ते थेट जून २०२४ चे! हा आठ महिन्यांचा खंड मात्र पुसता येण्याजोगा नाही. इथे बोट ठेवून विचारायचे, "आठ महिने गाडी कुठं होती?"

उत्तर काहीही असू शकते. मालक आजारी होता, गाडी दारात उभी होती, हे खरेही असेल. पण इंजिन बसले होते, अपघात होऊन पोलीस ठाण्यात पडून होती, हप्ते थकल्याने फायनान्सवाल्यांनी ओढून नेली होती, किंवा सरळ पासिंगवाचून चालत होती, असेही असू शकते. उत्तर मिळाले की ते दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावे. त्याच आठ महिन्यांत विमा चालू होता का? त्या काळातले पीयूसी आहे का? दारात उभी असलेल्या गाडीचे डिसेंबरात पीयूसी कसे काढले, हा प्रश्न विचारला की पुष्कळदा खरी गोष्ट बाहेर येते. एक कागद खोटे बोलू शकतो. चार कागदांना एकाच सुरात खोटे बोलणे अवघड जाते.

विम्याचा कागद तर फारच उपयोगी साक्षीदार आहे. गाडीचा पूर्ण विमा असेल, नुसता तिसऱ्या पक्षाचा नसेल, तर त्यावर 'नो क्लेम बोनस' असा एक आकडा असतो. मालकाने वर्षभरात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबद्दल भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी हप्त्याच्या त्या भागात त्याला सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. भरपाई घेतली की हा जिना कोसळतो आणि पुन्हा शून्यापासून चढावा लागतो. आता विकणारा म्हणतो, "गाडीला सात वर्षांत ओरखडासुद्धा नाही," आणि कागदावर बोनस शून्य! मग विचारायला हवे. कदाचित विमा नव्वद दिवसांहून अधिक काळ खंडित झाला म्हणून बोनस गेला असेल. कदाचित मालकाने तो आपल्या दुसऱ्या गाडीवर नेला असेल. पण कदाचित मागच्याच वर्षी गाडी पुलावरून खाली गेली असेल. तीन-चार वर्षांचे विम्याचे कागद ओळीने मांडले, की कोणत्या वर्षी जिना कोसळला ते दिसते.

तिसरा साक्षीदार म्हणजे सर्व्हिसिंगची बिले. त्यांवर तारीख असते आणि गाडी त्या दिवशी किती किलोमीटर चालली होती तो आकडा असतो. आकडे चढत गेले पाहिजेत. २०२२ च्या बिलावर ९२,००० आणि आज गाडीच्या मीटरवर ६१,०००, असे दिसले तर मीटर कुणीतरी मागे फिरवले आहे हे उघड झाले. बिले हरवली असे सांगितले तर कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत चौकशी करावी. तिथे गाडीच्या चेसिस नंबरावर नोंदी असतात. मालकाला बरोबर नेले तर सांगतात. मालक यायला तयार नसेल, तर तेही एक उत्तरच समजावे. ट्रॅक्टरला किलोमीटरऐवजी तासांचे मीटर असते. तिथे किती तास चालला ते पाहावे आणि क्लच, ब्रेकचे पायटे किती झिजले आहेत त्याच्याशी ताडावे.

कागद झाले, आता कागद याच गाडीचे आहेत ना, हे पाहायचे. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर-अक्षर जुळवावेत. चेसिसवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबर उमटतो. आरटीओत हीच रीत वापरतात. अलीकडच्या मोटारींचा आणि दुचाकींचा चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो, आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरीत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांसारखी दिसतात. नंबराभोवतीचा पत्रा घासलेला, जोडलेला किंवा तेवढ्याच जागी नवा रंग दिलेला दिसला, तर पुढे बोलणी करू नयेत. चोरीच्या गाडीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेत नंबर घालून पाहता येते.

टायरवरही एक तारीख असते, हे अनेकांना ठाऊक नाही. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. विकणारा "टायर गेल्याच वर्षी टाकले" म्हणाला, तर वाकून हे आकडे वाचावेत.

आपल्या महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो म्हणजे पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. पुरात बुडालेली गाडी धुऊन, सुकवून, रंग देऊन पुन्हा बाजारात उभी करता येते. पण चिखल लपत नाही. सीटच्या खालच्या रुळांत, गालिच्याखाली, दिव्यांच्या कोपऱ्यात, स्टेपनीच्या खळग्यात तो सापडतो. स्क्रू गंजलेले दिसतात. वायरिंग आज चालते आणि सहा महिन्यांनी दगा देते. गाडी त्या भागातली असेल तर सरळ विचारावे, "पुराच्या वेळी गाडी कोठे होती?" आणि त्या सालचा विम्याचा कागद मागावा.

आता बोजाविषयी. जमीन घेताना सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे का, हे आपण पाहतोच. तसाच गाडीवरही बोजा असतो. कर्ज काढून घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव चढलेले असते. कर्ज फिटले, एवढे तोंडी ऐकून भागत नाही. कर्ज देणाऱ्याचे पत्र आणि नमुना ३५ घेऊन आरटीओत तो बोजा उतरवून घ्यावा लागतो. तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. थकलेली चलने आणि थकलेला कर हेही पाहून घ्यावे.

गाडी परराज्यातली असेल तर जास्त सावध राहिले पाहिजे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांनी निर्बंध आले. त्यानंतर तिकडच्या पुष्कळ गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. त्या स्वस्त मिळतात. पण नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र, इथली नव्याने नोंदणी आणि इथला कर हे सारे धरून हिशेब करावा. स्वस्त गाडी मग तितकी स्वस्त उरत नाही. वयाचेही तसेच. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवण्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. त्यानंतरही जुन्या गाड्यांची शुल्के वाढली आहेत. तेव्हा चौदा वर्षांची गाडी घेताना आरटीओत ताजा दर विचारून मगच किंमत ठरवावी.

कुणी म्हणेल, एवढे सगळे पाहत बसण्यापेक्षा ओळखीच्या एजंटाकडून घेतलेली बरी. एजंटाकडून घ्या, पण १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे, असा नियम आहे. ते पाहायला मागा. अशा अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी गेली की तिची जबाबदारी त्याच्यावर येते. अधिकारपत्र नसलेल्याकडे तक्रार घेऊन जायचे तरी कुठे?

मंडळी, व्यवहार ठरला म्हणजे काम संपले असे नाही. गाडी नावावर झाली पाहिजे. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. पण आपल्याकडे रीत पडली आहे ती कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी सोडून देण्याची. पुढचा घेणारा तीच पुढे विकतो, त्याच्या पुढचा आणखी पुढे. सह्या पहिल्याच्या, गाडी पाचव्याची. हे किती अंगाशी येते पाहा. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात गाडी अशीच एकाकडून दुसऱ्याकडे गेली होती, पण नोंदणीत नाव पहिल्याच मालकाचे होते. २००९ मध्ये अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे गाडी विकून पैसे खर्चून झाले, गाडीचे तोंड वर्षानुवर्षे पाहिले नाही, तरी भरपाई द्यायची आपण. तेव्हा विकणाऱ्यानेही नाव बदलल्याची खात्री केल्यावाचून झोपू नये.

विम्याचेही त्याच आठवड्यात उरकावे. तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, असे कायदा मानतो. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून तो नावावर करून घ्यावा. आणि जुन्या मालकाचा बोनस गाडीबरोबर मिळत नाही. तो त्याचा त्याच्याकडेच राहतो.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन शब्द. मुलांना शाळेत आणणाऱ्या जीपा आणि व्हॅन पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या असतात. महाराष्ट्रात शालेय बसगाड्यांसाठी २०११ साली नियम झाले. त्यांत प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी आणि तिने गाड्यांचे कागद पाहावेत, असे सांगितले आहे. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने मुले येत असतील, तर त्या गाडीची तपासणी कधी झालेलीच नसण्याचा संभव आहे, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. वर्षाच्या आरंभी एक वही घाला. प्रत्येक गाडीचा नंबर, पासिंग, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना कोणत्या दिवशी संपतो, एवढे पाच रकाने. महिन्यातून एकदा ती वही चाळायची. "गुरुजी, पुढच्या महिन्यात करतो," असे गाडीवाला म्हणाला तर त्याला सांगा, "कर, पण तोवर पोरं बसवू नकोस." पालक कुरकुरतील; एखादा आठवडा मुले सायकलवर किंवा एसटीने येतील. त्यात काही बिघडत नाही.

आणि ज्यांच्याकडे आज गाडी आहे, त्यांनीही एक करावे. एक साधी पिशवी किंवा फाइल घ्यावी आणि पासिंगचा, विम्याचा, पीयूसीचा आणि सर्व्हिसिंगचा प्रत्येक कागद तारखेप्रमाणे तीत टाकीत जावे. जुना झाला म्हणून फेकू नये. उद्या गाडी विकायची वेळ आली, की हीच फाइल घेणाऱ्यापुढे ठेवता येईल. त्याला विचारायला जागा राहणार नाही आणि तुम्हांला भाव पाडून घ्यावा लागणार नाही. ज्याची फाइल पुरी असेल त्याला चार पैसे जास्त द्यावेत. ज्याच्याकडे नुसता नवा रंग असेल त्याला रामराम करून पुढच्या गाडीकडे वळावे.